परड्यातला लसूण

दसरा झाला, रानातलं पाणी आटून मातीला वाफसा आला की सातारा-सांगलीकडच्या गावांत परड्यातलं गवत खुरपून निघतं आणि लसणासाठी हातभर रुंदीचा एखादा वाफा तयार होतो. कधी तो न्हाणीच्या पाण्याच्या वाटेवर असतो, कधी विहिरीच्या दांडाला, कधी गव्हाच्या नाहीतर उसाच्या रानात पाटाच्या कडेला. दोन घमेली शेणखत, चुलीतली राख, ओंजळभर पाकळ्या आणि घरातल्या बायकांची अर्धी सकाळ, इतकं भांडवल त्याला पुरतं. हा लसूण सातबाऱ्यावर चढत नाही, बाजार समितीच्या आवारात त्याचा लिलाव होत नाही, त्याला कर्ज मिळत नाही की विमा. त्यामुळे त्याची नोंदही कोणी ठेवलेली नाही. पण ज्या पाकळीला आपण अंगठ्याने मातीत दाबतो, तिच्यामागे काही हजार वर्षांची अखंड साखळी आहे, आणि त्या साखळीतली प्रत्येक कडी म्हणजे कोणीतरी माणूस आहे.

हे अलंकारिक बोलणं नाही. लसणाची रीतच तशी आहे. कांद्याला गोंडा येतो, त्यात काळं बी धरतं, ते वाऱ्याने पडतं आणि आपलं आपण उगवतं. आपल्याकडच्या लसणाला रुजणारं बी धरत नाही. फार फार पूर्वी माणसाने मोठ्या गड्ड्याची झाडं निवडून पुन्हा पुन्हा पाकळीनेच लावली आणि त्या ओघात लसणाने बी धरणं सोडून दिलं. १९८०च्या दशकात ताकेओमी एतोह या जपानी शास्त्रज्ञाला मध्य आशियात बी धरू शकणारे लसणाचे काही वाण सापडले, तेव्हा वनस्पतिशास्त्रज्ञांना त्याचं केवढं अप्रूप वाटलं. तिथलाच तियेनशान पर्वताचा परिसर लसणाची मूळ भूमी मानला जातो. तिथून तो जिथे जिथे गेला तिथे माणसाच्या पिशवीतून, गाठोड्यातून, ओट्यातून गेला. पाखरू त्याला नेत नाही, ओढ्याच्या पाण्यासोबत वाहून तो पलीकडच्या काठाला लागत नाही. एका घराने एक वर्ष लावला नाही की त्या घरातला त्याचा वंश तिथेच खुंटला. आज पाटण तालुक्यातल्या एखाद्या वाडीत जी पात डोलते, ती तिच्या आधीच्या पातीची लेक नव्हे. तीच पात आहे, पुन्हा एकदा मातीत लावलेली.

पश्चिमेकडे तो इजिप्तपर्यंत गेला. १९२२ साली उघडलेल्या तुतनखामेनच्या थडग्यात इतर ऐश्वर्यासोबत लसणाचे वाळलेले गड्डेही होते. आपल्याकडे तो वायव्येच्या वाटेने केव्हा उतरला याची तिथी सांगता येत नाही, पण चरक आणि सुश्रुत या दोन्ही संहितांत तो आहे, आणि त्याच्यावरचा सगळ्यांत रसाळ जुना मजकूर एका विलक्षण योगायोगाने हाती आला. १८९० साली हॅमिल्टन बोवर नावाचा एक इंग्रज लष्करी अधिकारी एका खुन्याच्या मागावर मध्य आशियात भटकत होता. कुचा या गावी त्याला भूर्जपत्रावरचं एक जुनं हस्तलिखित विकत मिळालं. रुडॉल्फ हर्नले या पंडिताने ते वाचून प्रसिद्ध केलं. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच्या त्या पोथीची सुरुवातच लसणाच्या कल्पाने होते. त्यात कथा अशी आहे की अमृत चोरून पिणाऱ्या असुराचं मस्तक विष्णूने उडवलं, तेव्हा गळ्यातून जे थेंब जमिनीवर पडले त्यांतून लसूण उगवला. असुराच्या देहाचा स्पर्श झाला म्हणून ब्राह्मणांनी तो खायचा नाही; पण तो अमृतापासून झाला म्हणून त्याचे गुण अलोट. मग ज्याला खाता येत नाही त्याच्यासाठीही तोड सांगितली आहे. गाईला तीन दिवस गवत द्यायचं नाही, मग चाऱ्यात लसूण मिसळून तिला खाऊ घालायचा आणि तिचं दूध प्यायचं.

त्याच पोथीत लसणाच्या उत्सवाचंही वर्णन आहे. थंडीच्या दिवसांत घराच्या दारांवर, वरच्या खिडक्यांवर लसणाच्या माळा बांधायच्या, अंगणात पूजा करायची, घरच्या माणसांनीही त्या माळा घालायच्या. आपल्याकडे आढ्याला, चुलीच्या वरच्या वाशाला लसणाच्या जुड्या टांगतात त्या साठवणुकीसाठी. त्यांचा त्या उत्सवाशी धागा जोडायला माझ्याजवळ पुरावा नाही आणि तो ओढूनताणून जोडूही नये. पण पातीसकट गुंफलेला लसूण घरात उंच टांगायची गोष्ट किती जुनी आहे, एवढं त्यातून नक्की दिसतं.

काश्यपसंहितेतली कथा याहून घरगुती आहे. इंद्राणीला मूल होत नव्हतं म्हणून इंद्राने तिला अमृत पाजलं. तिला ढेकर आला, थेंब खाली अशुद्ध जागी पडला आणि त्याचा लसूण झाला. ही संहिता बाळ-बाळंतिणीच्या वैद्यकाची, आणि तिच्यात लसणाला स्वतंत्र कल्प दिलेला आहे. आमच्याकडे बाळंतिणीला लसणाची खीर देतात, तिच्या खोलीत ओवा, शेपा आणि लसणाच्या सालीची धुरी करतात, बाळाच्या टाळूला-अंगाला लसूण घालून कढवलेलं तेल लावतात. गावातल्या सुईणीने ती संहिता वाचली नव्हती, आणि संहिता रचणाऱ्याने सुईणीला विचारलं होतं की नाही ते कुठे लिहिलेलं नाही. मला मात्र वाटतं, ज्ञान स्वयंपाकघरातून ग्रंथात गेलं असावं. ग्रंथातून स्वयंपाकघरात येण्याइतकी आपल्याकडची घरं पोथीशी जवळ नव्हती.

ग्रंथांनी त्याच्यावर बंदीही घातली. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्विजांना वर्ज्य पदार्थांच्या यादीत लसूण सुरुवातीलाच येतो. पाचव्या शतकाच्या आरंभी आलेला चिनी यात्रेकरू फाहियान लिहितो, की मध्यदेशात चांडाळांखेरीज कोणी कांदा-लसूण खात नाही. म्हणजे ज्यांना गावाबाहेर ठेवलं त्यांच्या घरी हा लसूण शिजत होता, आणि तिथेच त्याचं लावणं, राखणं चालू राहिलं. ज्या पिकाचा वंश दरवर्षी हाताने लावल्याशिवाय टिकत नाही, ते पीक वरच्या वर्णांच्या बंदीनंतरही जगलं, याचं श्रेय, मला वाटतं, माळी, कुणबी, धनगर आणि गावकुसाबाहेरच्या घरांना द्यायला हवं. लसणाच्या वंशावळीत हीच माणसं आहेत.

त्यांच्यातलं एक नाव आपल्याला ठाऊक आहे. माढा तालुक्यातल्या अरणचे सावता माळी, समाधी शके १२१७, म्हणजे इसवी सन १२९५. मळ्यातल्या भाजीत त्यांनी विठ्ठल पाहिला, आणि त्यांच्या प्रसिद्ध अभंगातल्या त्या भाजीत लसूण आहे. ज्याला जुन्या पोथीने असुराच्या गळ्यातला म्हटलं, त्यालाच एका माळ्याने हरी म्हटलं. मराठी मनाने लसणाविषयी घेतलेला हा सगळ्यांत मोठा निर्णय आहे असं मी मानतो. त्याच अभंगात आज मिरचीही गायली जाते. मिरची आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर, म्हणजे सावतोबांनंतर दोनशेहून अधिक वर्षांनी आली. तो शब्द तिथे कसा आला हे अभ्यासकांनी पाहावं. पण त्यातून स्वयंपाकघरातला थोरला-धाकटा स्पष्ट होतो. मिरची येण्याआधी मलबारचं मिरं महाग होतं आणि गरिबाच्या भाकरीला झणका द्यायला परड्यातला लसूण होता. पुढे मिरची आली, दोघांची गाठ तव्यावर पडली आणि खर्डा झाला. भुईमूग दक्षिण अमेरिकेतला. तो आला आणि खर्ड्यात शेंगदाण्याचं कूट पडलं. तव्यावरच्या या तिघांत लसूण वडीलधारा आहे.

आता कार्तिकाकडे येतो, कारण या मागोव्याचं मूळ तिथे आहे.

आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी. त्या दिवशी कांद्याची भजी, लसणाची चटणी पोटभर खायची आणि एकादशीपासून चार महिने दोन्ही बंद. कार्तिकी एकादशी झाली, तुळशीचं लग्न लागलं की पुन्हा सुरू. सगळ्याच घरांत चार महिने पाळतात असं नाही. बऱ्याच घरांत श्रावणच काय तो पाळला जातो. सांगली-मिरजेकडच्या जैन घरांत तर तो बारा महिने उंबऱ्याबाहेर असतो. पण वारकऱ्यांची वाट ज्या लोणंद-फलटणावरून जाते त्या मुलखात चातुर्मासाचा धाक मोठा होता. आता लसणाचं स्वतःचं वेळापत्रक पाहा. तो फाल्गुन-चैत्रात निघतो. निघाल्यावर गड्डा निजतो. उन्हाळ्यात त्याला कितीही माती-पाणी द्या, तो सहसा फुटत नाही. पाऊसकाळ मावळता-मावळता पाकळीच्या आत हिरवा कोंब जागा होऊ लागतो. आश्विन-कार्तिकात तो लावण्याजोगा होतो. म्हणजे बियाण्याचा गड्डा घरात सहा-सात महिने टिकवावा लागतो, आणि त्यातले नेमके शेवटचे चार महिने तो खाण्यावर बंदी. माझा असा तर्क आहे की या बंदीने देवाधर्माइतकंच काम बियाण्याचंही केलं. डोक्यावर टांगलेली जुडी रोजच्या फोडणीसाठी ओढली गेली असती तर कार्तिकात लावायला काय उरलं असतं? व्रत कोणी कशासाठी सुरू केलं ते मला सांगता येणार नाही, पण ज्या घरात चार महिने पाळले जात त्या घरात लावायला गड्डा शिल्लक राहत असणार.

कार्तिकातच का लावायचा, याचं उत्तर आपल्या अक्षांशात आहे. लसणाला आधी थंडी लागते. थंडीत पात वाढते, ती जितकी जोमदार तितका पुढे गड्डा मोठा. मग दिवस लांबू लागले, ऊन तापू लागलं की पात थांबते आणि सगळा रस खाली उतरतो. सातारा-सांगली साधारण सतराव्या अंशावर. इथे थंडी थोडी आणि थोडेच दिवस. मार्गशीर्ष संपताना लावलेल्या लसणाची पात नीट वाढायच्या आत माघाचं ऊन लागतं आणि गड्डा सुपारीएवढा राहतो. म्हणून दसरा ते कार्तिकी पौर्णिमा हीच वेळ. राहुरीचं कृषी विद्यापीठही ऑक्टोबर-नोव्हेंबरच सांगतं. गावातल्या बायकांनी तेच सणावारांत बांधून ठेवलं होतं.

आणि हा सगळा खटाटोप कशासाठी? चटणीसाठी. बाहेरचे लोक जिला कांदा-लसूण मसाला म्हणतात, तिला आमच्याकडे नुसतं चटणी म्हणतात. सातारा, सांगली, कोल्हापूर या तीन जिल्ह्यांच्या जिभेची ओळख म्हणजे ही चटणी. चैत्र-वैशाखात वर्षाची एकदाच करायची. रंगाला ब्याडगी, चवीला संकेश्वरी, तिखटाला लवंगी. धने, जिरं, तीळ, खसखस, खडा मसाला, खोबरं, उन्हात वाळवून तळलेला कांदा, आलं, कोथिंबीर, मीठ आणि ढीगभर सोललेला लसूण. ब्याडगी आणि संकेश्वर ही गावं आज कर्नाटकात. पूर्वी नारळ आणि मीठ चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून कराडच्या बाजारात यायचं. म्हणजे या चटणीतल्या बऱ्याचशा गोष्टी लांबून येत. परड्यातून यायचा तो लसूण, आणि हिशेब किती चोख होता ते पाहा: कार्तिकात लावला, फाल्गुनात पात पिवळी पडली की पाणी तोडलं, होळीच्या आगेमागे काढला, पातीसकट सावलीत सुकवला, आणि चटणी कुटायच्या दिवसापर्यंत तो सोलायला तयार. त्याच वेळी कांदाही वाळलेला आणि मिरचीही नव्याने बाजारात आलेली. पूर्वी उखळात मुसळाने, मग डंकावर. गल्लीतल्या बायका एकीच्या अंगणात बसून लसूण सोलायच्या, दुसऱ्या दिवशी दुसरीच्या. नखं काळी पडायची, बोटांची आग व्हायची. लसूण कुटला की त्याच्यातला गंध उठतो तो अ‍ॅलिसिनचा. पेशी फुटल्याशिवाय ते द्रव्य तयारच होत नाही. १९४४ साली ते शास्त्रज्ञांनी वेगळं काढलं. चटणी वर्षभर का टिकते यात मिठाचा, तिखटाचा आणि त्याचाही वाटा असावा.

ही चटणी बरणीत भरून मुंबईला जायची. गिरणगावात साताऱ्याकडचे कामगार हजारोंनी होते. लालबाग-परळच्या खोल्यांतून आणि खाणावळींतून गावाकडून आलेल्या या तिखटावर रस्सा व्हायचा, आणि त्याचं ‘घाटी मसाला’ हे नाव त्या शहरात रूढ झालं. कराड-सांगली पट्ट्यातला अख्खा मसूर, गावजत्रेतलं मटण, कृष्णाकाठच्या वांग्याचं भरीत, या सगळ्यांना तीच चव. परड्यातल्या त्या हातभर वाफ्याचा माल असा बोरीबंदरापर्यंत पोचला होता, फक्त त्याची पावती कुठे फाटली नाही.

पावती फाटली नाही हेच त्याच्या इतिहासाचं दुखणं. त्याच मातीतल्या हळदीकडे बघा. सांगलीजवळ हरिपूरला, कृष्णा-वारणेच्या संगमावर, जमिनीखालच्या पेवांत हळद वर्षानुवर्षं साठवली जात होती. ती व्यापाराची वस्तू. तिचे सौदे झाले, पेवांच्या पावत्या झाल्या, २००५च्या महापुरात पेवांची हानी झाली त्याच्या बातम्या झाल्या, २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. कसबे डिग्रजला तिच्यावर संशोधन चालतं. हे सगळं रास्तच आहे. पण ज्या लसणाशिवाय या मुलखाची एक आमटी होत नाही, तो कधी सौद्यांच्या मोठ्या बाजारात विकायला गेला नाही, म्हणून त्याच्या स्थानिक वाणांना साधी नावंसुद्धा नाहीत. विचारलं तर लोक सांगतात ‘गावरान’. बारीक पाकळ्यांचा, जांभळट सालीचा, सोलायला किचकट आणि वासाला उग्र. बस्स, एवढंच त्याचं वर्णन.

या मुलखाचं पाणी सारखं नाही, त्यामुळे लसूणही सगळीकडे नव्हता. आज जे सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे आहेत, त्यांचा बराच भाग पूर्वी एकाच जिल्ह्यात होता. १९४९ साली दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याचं नाव सांगली पडलं. पश्चिमेला कोयना, कृष्णा, वारणेच्या मळीच्या जमिनी. पूर्वेला माण, खटाव, आटपाडी, जत हा दुष्काळी पट्टा. नदीकाठच्या घरांत माळवं पिकायचं, पूर्वेकडच्या बायका आठवडी बाजारातून आणायच्या. १८६०च्या दशकात इंग्रजांनी कराडजवळ खोडशीला कृष्णेवर बंधारा घालून कालवा काढला आणि काही गावांना पाटाचं पाणी मिळालं. बाकी भरवसा मोटेवर. लसणाला पाणी थोडं लागतं पण वेळेवर लागतं. ज्या विहिरीला फाल्गुनापर्यंत पाणी टिकत नाही तिच्या दांडाला लसूण लावत नाहीत. अलीकडे टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांचं पाणी पूर्वेला पोचलं. पण पाणी आलं की सोबत ऊस आणि द्राक्षही येतात. पश्चिमेला साखर कारखान्यांच्या काळात हेच झालं होतं: बांधापर्यंत ऊस लागला आणि पाटाच्या कडेचं माळवं मागे सरलं. उसाने या भागाला पैसा दिला, शाळा-कॉलेजं दिली, ते कोणी नाकारणार नाही. लसणाची कडा मात्र त्यात गेली. पूर्वहंगामी उसात सुरुवातीला लसूण-कांदा आंतरपीक घेता येतो, विद्यापीठ तशी शिफारसही करतं. करणारे थोडे आहेत.

विद्यापीठाचं नाव घेतलं म्हणून सांगतो. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने गोदावरी, श्वेता, फुले बसवंत, फुले नीलिमा असे लसणाचे वाण दिले. ज्या महात्मा फुल्यांच्या नावाने ते विद्यापीठ आहे, त्यांचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण, आणि घराणं माळ्याचं. माळ्याच्या वंशजाचं नाव घेऊन सुधारलेला लसूण साताऱ्याच्या मातीत येतो, याचा मला मनापासून आनंद वाटतो. राजगुरूनगरला भीमेच्या काठी कांदा-लसूण संशोधन संस्था आहे. १९९४ साली ती नाशिकला सुरू झाली, १९९८ साली इकडे आली. तिथले वाण भीमा ओंकार आणि भीमा पर्पल.

पण बाजारात मिळतो तो लसूण यांतला नसतो. देशाचा निम्म्याहून अधिक लसूण आज एकट्या मध्य प्रदेशात पिकतो. मंदसौर, नीमच ही त्याची मोठी ठाणी. तिथला माल पुण्याच्या मार्केट यार्डातून आपल्या मंडईत येतो. त्या बाजाराची चाल कशी आहे? काही वर्षी माळव्यातल्या शेतकऱ्याला किलोमागे दोन-चार रुपयेही मिळाले नाहीत आणि लसूण रस्त्यावर ओतला गेला. २०२४ साली हाच लसूण किरकोळ बाजारात चारशे रुपये किलोपर्यंत चढला. जगातला सुमारे तीन-चतुर्थांश लसूण चीन पिकवतो. बुरशीच्या धोक्यामुळे २०१४ साली भारताने त्याची आयात बंद केली. भाव चढले की तो चोरवाटेने येतोच. चारशेच्या वर्षी ज्या घरी परड्यात वाफा होता त्या घरच्या चटणीत लसूण कमी पडला नाही, आणि ज्यांच्याकडे नव्हता त्यांनी निम्म्या लसणात चटणी कुटली.

भाव चढला की पुष्कळ जणांना लसूण लावायची आठवण होते. मग मंडईतून मोठाल्या पांढऱ्या पाकळ्यांचा देखणा गड्डा आणतात आणि कुंडीत, वाफ्यात लावतात. पात जोरात येते, चैत्र उजाडतो, आणि उपटून पाहावं तर खाली गड्डाच नाही, किंवा कांद्यासारखी एकच अखंड गाठ. दोष हाताचा नसतो. हिमाचल, काश्मीर किंवा चीनकडचे बरेच मोठे लसूण लांब दिवसाचे. गड्डा भरायला त्यांना तेरा-चौदा तासांचा दिवस आणि कडक थंडी हवी. आपल्याकडे गड्डा भरायच्या वेळी, माघ-फाल्गुनात, दिवस असतो साडेअकरा-बारा तासांचा. तो लसूण उन्हाळ्याची वाट पाहत राहतो आणि उन्हाळा आला की सुकून जातो. गावरान लसूण पिढ्यान्‌पिढ्या याच मातीत, याच दिवसमानात निवडत-निवडत आलेला असतो. सोलायला किचकट असलेली ती बारीक पाकळी या अक्षांशाला जुळलेली आहे, आणि ते जुळणं एका हंगामात विकत मिळत नाही.

घरचं बियाणं निर्दोष असतं असंही नाही, हे इथे सांगायला हवं. पाकळीनेच वाढणाऱ्या पिकात विषाणू पिढ्यान्‌पिढ्या साचत जातात. पात पिवळ्या रेघांची होते, गड्डा वर्षागणिक बारीक होतो. औंदा लसूण बारका झाला असं जे म्हणतात त्यात पाण्याइतकाच याचाही हात असतो. म्हणून जुन्या बायका काढणीच्या वेळीच सगळ्यांत ठसठशीत, निरोगी गड्डे वेगळे बांधायच्या आणि त्या जुडीला कोणाला हात लावू द्यायच्या नाहीत. उरलेला बारीक माल चटणीला. हाव उलटी असते: मोठे गड्डे खाऊन टाकावेत आणि बारके लावावेत असं वाटतं. तसं चार-पाच वर्षं केलं की वाण संपतो.

लावायचं तंत्र सोपं आहे. लावायच्या दिवशीच गड्डा फोडावा, बाहेरच्या जाड पाकळ्या घ्याव्यात, मधल्या बारीक पाकळ्या फोडणीला ठेवाव्यात. साल काढू नये. टोक वर, बूड खाली. बोटाच्या दोन पेरांहून खोल नाही. दोन ओळींत १० सेंटिमीटर, दोन पाकळ्यांत साडेसात. या अंतराने एका चौरस मीटरला सव्वाशेच्या पुढे पाकळ्या बसतात, आणि त्यातून किलो-दीड किलो लसूण निघावा. पाणी हलकं, वाफ्यात ते तुंबलं तर पाकळी कुजते. एक-दोन भांगलणी, त्याही खुरप्याच्या टोकाने, मुळ्या उघड्या न पाडता. पौष-माघात पातीवर फुलकिडे दिसले तर नीमअर्क फवारावा. पात सगळीच खुडून भाजीत घालायचा मोह आवरावा, कारण खालच्या गड्ड्याचं अन्न तीच करते. साडेचार महिन्यांच्या आत-बाहेर पात माना टाकते. तेव्हा उपटून, माती झटकून, जुड्या बांधून हवेशीर टांगावा. वाड्याचं आढं नसलं आणि फ्लॅटची गॅलरी असली तरी चालतं, पावसाचं पाणी लागू देऊ नये इतकंच.

आता खरं काम बियाणं मिळवण्याचं आहे, आणि ते दुकानात मिळणार नाही. पाटण, जावळी, वाई, शिराळा, वाळवा या तालुक्यांत अजून अशी घरं आहेत जिथे सासूने सुनेला दिलेला लसूण दरवर्षी लागतो. आपल्याच नात्यात, आजोळी, मावशीच्या गावी विचारा. आत्याबाईंकडे जुडी टांगलेली दिसली तर दोन गड्डे हक्काने मागून घ्या. त्या देतील, कारण हा लसूण असाच मागून आणि देऊन इथवर आला आहे. वाणाला नाव नसलं तर गावाचं नाव द्या, कोणाकडून आणला ते वहीत लिहून ठेवा. या कार्तिकात एक वाफा लावा, फाल्गुनात सगळ्यांत मोठे पाच गड्डे खायच्या आधी बाजूला बांधा, आणि पुढच्या दसऱ्याला त्यातला एक शेजारणीला द्या.